प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की सगळं विसरतो: बिघाड नेमका कुठे शोधायचा

लक्षण ओळखीचं आहे. काउंटर परत शून्यावर येतो, कालची सेटिंग आज दिसत नाही, एकदा पाठवलेले संदेश दुसऱ्यांदा जातात. त्यात हे दर वेळी घडत नाही. हाताने चालवलं तर लक्षात राहतं, रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या सेवेतून, चाललं तर विसरतं. चार दिवस सगळं नीट असतं आणि पाचव्या दिवशी फाइल रिकामी सापडते. मग कोडमध्ये जागोजागी सेव्ह करणाऱ्या ओळी वाढत जातात आणि दुखणं जिथल्या तिथे राहतं.

प्रोसेस संपली की ऑपरेटिंग सिस्टिम तिची मेमरी परत घेते. व्हेरिएबल ग्लोबल असो, स्टॅटिक असो किंवा क्लासमधलं असो, पुढच्या वेळी त्याला सुरुवातीचीच किंमत मिळते. स्मॉलटॉकसारख्या काही भाषांमध्ये चालू प्रोग्रॅमचा अख्खा ठसा, म्हणजे इमेज, डिस्कवर उतरवता येतो. बाकी सगळीकडे आपणच लिहायचं आणि आपणच परत वाचायचं. म्हणून विसरण्याच्या तक्रारीमागे जवळजवळ नेहमी चारपैकी एक कारण निघतं: लिहिलंच गेलं नाही, भलतीकडे लिहिलं गेलं, लिहिलेलं नंतर पुसलं गेलं, किंवा वाचताना ओळखलं गेलं नाही. यातलं कुठलं, हे कळेपर्यंत कोडला हात लावू नका.

आधी जागा ठरवा

लॉगच्या दोनच ओळी घाला: एक स्टेट फाइल, म्हणजे लक्षात ठेवायचं ते प्रोग्रॅम जिच्यात लिहितो ती फाइल, वाचून झाल्यावर, एक लिहून झाल्यावर. प्रत्येकीत वेळ, प्रोसेसचा क्रमांक, फाइलचा मुळापासूनचा पूर्ण पाथ, तिचा आकार बाइटमध्ये आणि नोंदींची संख्या छापा. प्रोग्रॅम एकदा चालवा, पूर्ण बंद होऊ द्या आणि बंद असतानाच ती फाइल उघडून बघा.

फाइलची शेवटची बदलाची वेळ जुनीच असेल, तर लिहिलं गेलेलं नाही किंवा दुसरीकडे गेलं आहे. दोन्ही ओळींतला पाथ वेगळा दिसला तर उत्तर तिथेच मिळालं. वेळ ताजी पण आकार शून्य असेल, तर लिहिताना मध्येच काहीतरी तुटलं. बंद असताना फाइल अगदी बरोबर आणि सुरू केल्याबरोबर रिकामी होत असेल, तर सुरू होणारा प्रोग्रॅमच ती पुसतो आहे. फाइल बरोबर, पुसलीही जात नाही, तरी नोंद सापडत नाही? मग दोष ओळखण्यात आहे.

कोड आपला नसेल तर लिनक्सवर ‘एसट्रेस’, म्हणजे प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय मागतो ते दाखवणारं साधन, लावून ओपन, राइट आणि रिनेम हे कॉल बघावेत. विंडोजवर ‘प्रोसेस मॉनिटर’मध्ये प्रोसेसच्या नावाचा फिल्टर लावला की कुठली फाइल कुठे उघडली हे क्षणात दिसतं.

भलतीकडे लिहिलं

हाताने चालतं आणि आपोआप चाललं की विसरतं, हे ऐकलं की सगळ्यात आधी सापेक्ष पाथ तपासा. फाइलचं नुसतं नाव दिलं असेल तर ती प्रोग्रॅमच्या शेजारी तयार होत नाही. प्रोसेस ज्या फोल्डरमधून सुरू झाली, तिथे ती तयार होते. क्रॉन त्या युजरच्या होम फोल्डरमधून काम सुरू करतो. लिनक्सवर पार्श्वभूमीतल्या सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टिमडीची सिस्टिम सर्व्हिस, वेगळं सांगितलं नसेल तर, थेट मुळाच्या फोल्डरमधून सुरू होते. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ‘स्टार्ट इन’चा रकाना रिकामा ठेवला तर सिस्टिम ३२ हे फोल्डर मिळतं. त्यामुळे एकाच नावाच्या दोन-तीन फाइली वेगवेगळ्या जागी वाढत राहतात. सूडोने, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने, चालवलं तर होम फोल्डरही बदलू शकतं, हे त्यात आणखी.

पाथ नेहमी पूर्ण द्या आणि तो एकाच फंक्शनमधून काढा. लिनक्सवर युजरच्या प्रोग्रॅमसाठी होममधल्या डॉट-लोकलमधलं ‘स्टेट’ किंवा ‘शेअर’, विंडोजवर ॲप-डेटामधलं ‘लोकल’, मॅकवर लायब्ररीतलं ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’. सिस्टिमडीच्या सर्व्हिसला ‘स्टेट-डिरेक्टरी’ ही ओळ दिली की व्हारच्या लिबमध्ये योग्य मालकीचं फोल्डर आपोआप तयार होतं. टेम्प फोल्डरमध्ये टिकवायचं काहीच ठेवू नका. सर्व्हिसला ‘प्रायव्हेट-टेम्प’ लावलेलं असेल तर तिचं टेम्प वेगळंच असतं आणि सर्व्हिस थांबली की ते पुसलं जातं.

अशाच तीन फसव्या जागा आणखी आहेत. पायथन प्रोग्रॅमचं एक्झिक्युटेबल बनवणाऱ्या पायइन्स्टॉलरने एकाच फाइलचा प्रोग्रॅम बनवला असेल, तर चालताना तो टेम्पमधल्या एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो आणि बाहेर पडताना ते फोल्डर नष्ट होतं. कोडच्या फाइलशेजारी लिहिलेला डेटा त्याच्याबरोबरच जातो. डॉकरमध्ये कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम ज्यात चालतो तो वेगळा डबा, रीस्टार्ट केला तर आतल्या फाइली टिकतात, पण कंटेनर काढून नवा बनवला की जातात. ‘रीस्टार्टला चालतं, नवी आवृत्ती टाकली की विसरतं’ असं चित्र असेल तर व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेर टिकणारी साठवण, जोडायचा राहिला आहे. आणि विंडोजवर जुना ३२ बिट प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायला गेला, तर विंडोज कुठलीही तक्रार न करता ते लिखाण ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या फोल्डरकडे वळवू शकते. तोच प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून चालवला की खरी फाइल वाचतो, आणि जुन्या किमती परत दिसू लागतात.

लिहिलंच गेलं नाही

डेटाबेस वापरत असाल तर आधी कमिट, म्हणजे बदल पक्का करण्याची आज्ञा, बघा. पायथनचं एसक्यूलाइट मॉड्यूल मुळातल्या सेटिंगवर इन्सर्ट, अपडेट किंवा डिलीट आलं की आपणहून ट्रान्झॅक्शन, म्हणजे कमिट होईपर्यंत कच्चा राहणारा बदलांचा गट, उघडतं, पण कनेक्शन बंद करताना कमिट करत नाही. याची खूण स्पष्ट असते: त्याच रनमध्ये सिलेक्ट केलं तर नोंद दिसते, पुढच्या रनमध्ये नाहीशी होते. ‘विथ’मध्ये कनेक्शन वापरलं तर ब्लॉक नीट संपल्यावर कमिट होतं, कनेक्शन मात्र उघडंच राहतं, ते वेगळं बंद करावं लागतं.

दुसरा मोठा गट म्हणजे बंद होताना सेव्ह करू असं ठरवलेले प्रोग्रॅम. पायथनमध्ये बाहेर पडताना करायचं म्हणून ‘ॲटएक्झिट’ला सोपवलेलं काम कंट्रोल-सीने थांबवल्यावर होतं, कारण तिथे एक्सेप्शन उठतं आणि प्रोग्रॅम नेहमीच्या वाटेने संपतो. टर्म सिग्नल, म्हणजे ‘थांब’ हा निरोप, आला आणि त्याला हँडलर, म्हणजे तो निरोप हाताळणारं फंक्शन, नसेल, तर प्रोसेस जागीच संपते आणि ॲटएक्झिट चालतच नाही. म्हणून टर्मिनलवर सगळं व्यवस्थित दिसतं आणि सर्व्हिस म्हणून थांबवलं की विसरतं. टर्मसाठी हँडलर लिहा, त्यात फक्त ‘थांबायचं आहे’ असा झेंडा उभा करा आणि सेव्ह मुख्य लूपमध्ये करा. किल सिग्नल, म्हणजे किल -९, कोणत्याच प्रोग्रॅमला अडवता येत नाही. त्यामुळे महत्त्वाची नोंद घडली त्या क्षणी लिहायची, बंद होण्याची वाट बघायची नाही.

डॉकरमध्ये याची एक नेमकी खूण आहे. ‘स्टॉप’ला दर वेळी बरोबर १० सेकंद लागत असतील, तर टर्म सिग्नल वाया जातो आहे आणि मुदत संपल्यावर किल येतो आहे. एक तर सुरुवातीची आज्ञा शेलमधून, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, चालते आणि शेल सिग्नल पुढे देत नाही. नाहीतर प्रोग्रॅम स्वतः पहिल्या क्रमांकाची प्रोसेस आहे, आणि त्या क्रमांकाच्या प्रोसेसवर हँडलरशिवाय टर्मचा परिणाम होत नाही. सुरुवातीची आज्ञा यादीच्या स्वरूपात लिहा आणि हँडलर ठेवा.

पायथनचं ‘शेल्व्ह’, म्हणजे फाइलमध्ये टिकणारा शब्दकोश, वापरणाऱ्यांसाठी एक इशारा: शेल्व्हमधली यादी काढून तिच्यात थेट भर घातली तर मूळ सेटिंगवर ती भर साठवली जात नाही. यादी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, बदला आणि त्याच किल्लीवर पुन्हा ठेवा.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही याच गटात मोडतं. स्क्रिप्टने एक्स्पोर्ट केलेली किंमत तिच्या स्वतःच्या आणि तिने सुरू केलेल्या प्रोसेसपुरती असते; ज्या शेलमधून स्क्रिप्ट चालवली, त्या शेलपर्यंत ती पोहोचत नाही.

लिहिलेलं पुसलं गेलं

फाइल ‘डब्ल्यू’, म्हणजे लिहिण्याच्या, मोडमध्ये उघडली की त्याच क्षणी तिची लांबी शून्य होते. अजून एकही बाइट लिहिलेला नसतो. उघडणं आणि लिहून संपवणं यांच्या मध्ये प्रोग्रॅम पडला, डिस्क भरली किंवा वीज गेली, तर जुनं गेलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं. चार दिवस चालून पाचव्या दिवशी फाइल रिकामी सापडते ती बहुतेक वेळा यामुळेच.

सुरक्षित लिखाणाचा क्रम ठरलेला आहे आणि त्यातली एकही पायरी गाळायची नाही. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल तयार करा. दुसऱ्या डिस्कवरून रिनेम होत नाही, म्हणून ‘त्याच’ फोल्डरमध्ये. पूर्ण मजकूर लिहा. फ्लश करा, म्हणजे प्रोग्रॅमच्या बफरमधलं कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, जाईल. एफसिंक करा, म्हणजे कर्नलकडचं डिस्कवर जाईल. मग ती फाइल मूळ नावावर रिनेम करा. पायथनमध्ये यासाठी ‘ओएस’ मॉड्यूलमधलं ‘रिप्लेस’ आहे, ३.३ आवृत्तीपासून. शेवटी लिनक्सवर त्या फोल्डरलाही एफसिंक करा, कारण नावातला बदल फोल्डरमध्ये नोंदला जातो. वाचणाऱ्याला पूर्ण जुनी किंवा पूर्ण नवी फाइल मिळते, अर्धवट कधीच नाही.

एफसिंक वगळण्याचा मोह होतो कारण तो वेळखाऊ आहे. पण लिनक्स बदललेली पानं, म्हणजे मेमरीतले तुकडे, मूळ सेटिंगवर सुमारे ३० सेकंदांपर्यंत मेमरीत ठेवू शकतो. २००९ मध्ये लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर नेमका हाच प्रश्न गाजला होता: रिनेम डिस्कवर पोहोचायचं, मजकूर पोहोचायच्या आधी मशीन बंद पडायचं आणि शून्य बाइटच्या फाइली उरायच्या. पुढे कर्नलमध्ये काही नेहमीच्या प्रसंगांसाठी उपाय आला, पण त्यावर विसंबून एफसिंक गाळणं योग्य नाही.

विंडोजवर हेच रिनेम कधीकधी ‘परवानगी नाही’ म्हणून अडतं. दुसऱ्या प्रोग्रॅमने, बहुधा अँटिव्हायरसने किंवा बॅकअपने, ती फाइल क्षणभर उघडी धरलेली असते. थोडं थांबून चार-पाच वेळा पुन्हा प्रयत्न करा. तेवढ्यावर ‘डब्ल्यू’ मोडकडे परत वळू नका.

आता सगळ्यात घातक चूक. वाचताना कोणतीही अडचण आली तर रिकाम्या डेटावर सुरुवात करायची, असं पुष्कळ कोडमध्ये असतं. परवानगीची अडचण, मधल्या एका स्वल्पविरामाची चूक, नेटवर्क ड्राइव्हला दोन सेकंदांचा उशीर, यापैकी काहीही झालं की प्रोग्रॅम शांतपणे रिकामा सुरू होतो आणि बंद होताना ते रिकामेपण खऱ्या डेटावर लिहून टाकतो. वाचता न येणारी पण दुरुस्त होणारी फाइल अशी कायमची जाते. रिकामी सुरुवात एकाच स्थितीत करा: फाइल अस्तित्वातच नाही. बाकी कुठलीही चूक आली तर थांबा, फाइलची प्रत तारखेसकट बाजूला ठेवा आणि मोठ्याने तक्रार करा.

दोन रन एकाच वेळी चालू असले तर? दोघांनी ४१ वाचलं, दोघांनी ४२ लिहिलं, एक वाढ हरवली. क्रॉनचं दर मिनिटाचं काम कधी ७० सेकंद चाललं की हे घडतंच. फाइल वापरत असाल तर एफलॉक, म्हणजे फाइलचं कुलूप, घ्या, पण कुलूप वेगळ्या लॉक फाइलवर असू द्या. डेटाच्या फाइलवरच घेतलं तर रिनेमनंतर त्या नावाखाली नवी फाइल येते आणि कुलूप जुनीलाच लागलेलं राहतं. दुसरी प्रोसेस आरामात आत शिरते. कुलूप वाचण्याआधी घ्यायचं आणि लिहून झाल्यावर सोडायचं. फक्त लिहिण्यापुरतं घेतलं तर ४१-४२ चा घोटाळा तसाच राहतो.

एवढं सांभाळणं जड वाटत असेल तर एसक्यूलाइट घ्या. लहानशा काउंटरसाठीही ते जास्तीचं नाही. वाचून बदलायचं असेल तेव्हा ट्रान्झॅक्शन ‘बिगिन इमिजिएट’ने सुरू करा, म्हणजे लिहिण्याचं कुलूप आधीच मिळेल. वॉल मोड, म्हणजे नवे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत, नेटवर्क ड्राइव्हवर वापरू नका. आणि बॅकअप म्हणून नुसती डीबी फाइल उचलू नका: ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलमध्ये असू शकतात आणि प्रत ‘विसरलेली’ निघते. बॅकअपची आज्ञा वापरा.

वाचताना ओळखलं नाही

पायथनमध्ये शब्दकोशाची किल्ली ७ हा आकडा असेल, तर जेसन या मजकुराच्या स्वरूपात साठवताना ती ‘७’ ही स्ट्रिंग होते आणि परत वाचल्यावर स्ट्रिंगच राहते. प्रोग्रॅम आकड्याने शोधतो, सापडत नाही, नवी नोंद करतो. फाइलमध्ये एकच किल्ली दोनदा दिसली तर हेच कारण. तसंच टपल, म्हणजे न बदलणारी यादी, लिहिलं तर यादी परत येते.

याहून चकवणारं म्हणजे मजकुरावरून एक आकडा काढणारं ‘हॅश’ फंक्शन. ३.३ पासून पायथन दर रनला स्ट्रिंगच्या हॅशसाठी नवं बी, म्हणजे सुरुवातीचा यादृच्छिक आकडा, घेतो. ‘हा संदेश आधी पाठवला का’ हे बघायला हॅशची किंमत साठवली, तर त्याच रनमध्ये जुळते, पुढच्या रनला कधीच नाही. साठवायचा ठसा ‘हॅशलिब’मधल्या शा-२५६ ने काढा.

जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक अचूक राहतील याची खात्री नसते. मोठे आयडी स्ट्रिंग म्हणून साठवा. ब्राउझरची स्वतःची साठवण असलेलं लोकल-स्टोरेज फक्त स्ट्रिंग ठेवतं, म्हणून ‘फॉल्स’ परत वाचल्यावर खरं ठरतं. ते स्कीम, होस्ट आणि पोर्ट यांच्या जोडीला बांधलेलं असतं. ३००० ऐवजी ३००१ पोर्टवर पान उघडलं की सगळं कोरं.

स्टेट फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून आवृत्तीचा आकडा ठेवा, म्हणजे जुन्या स्वरूपाची फाइल नव्या कोडला ओळखता येईल.

कोडच बदलून लक्षात ठेवणारे प्रोग्रॅम

काही जण वेगळी फाइल नको म्हणून प्रोग्रॅमला स्वतःचाच सोर्स बदलायला लावतात. कल्पना जुनी आणि सन्माननीय आहे. आज्ञा आणि डेटा एकाच मेमरीत ठेवल्या की प्रोग्रॅम स्वतःच्या आज्ञा बदलू शकतो. १९४९ च्या एडसॅक या संगणकात इंडेक्स रजिस्टर, म्हणजे आज्ञेतल्या पत्त्यात आपोआप भर घालणारी जागा, नव्हतं, त्यामुळे आकड्यांच्या रांगेतून फिरायला आज्ञेतला पत्ताच वाढवत न्यावा लागे. इंडेक्स रजिस्टर आलं आणि ती गरज सरली.

आज मशीन कोड असा बदलायला गेलात तर बहुधा सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक, मिळेल. मेमरीचं पान लिहिण्याजोगं किंवा चालवण्याजोगं, दोन्ही एकदम नाही, हा दंडक ओपनबीएसडीने २००३ मध्ये ३.३ आवृत्तीत आणला आणि २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकसोबत विंडोजमध्ये डेप, म्हणजे डेटाच्या पानांवरून कोड चालू न देणारं संरक्षण, आलं. चालताना कोड तयार करायचाच असेल तर नवं पान मागा, त्यात लिहा, मग एम-प्रोटेक्टने त्याला वाचण्या-चालवण्याचा हक्क द्या आणि लिहिण्याचा काढा. आर्म प्रोसेसरवर कोड चालवण्याआधी इन्स्ट्रक्शन कॅशे, म्हणजे प्रोसेसरने जवळ ठेवलेली आज्ञांची प्रत, साफ करायला विसरलात तर कधी जुना, कधी नवा कोड चालतो. आणि एवढं करून हा बदल मेमरीतच असतो. डिस्कवरची प्रोग्रॅमची फाइल जशीच्या तशी राहते.

सोर्स फाइल बदलण्याचे घोटाळे वेगळे. पायथन इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलचा बाइटकोड, म्हणजे चालवायला तयार केलेलं रूप, ‘पायकॅशे’ फोल्डरमध्ये ठेवतो आणि सोर्स बदलला का हे त्याच्या बदलाची वेळ, तीही पूर्ण सेकंदात, आणि आकार एवढ्यावरून ठरवतो. मॉड्यूलमधलं ‘गणना = ४’ बदलून ‘गणना = ५’ केलं तर आकार तोच. इम्पोर्ट आणि बदल एकाच सेकंदात झाले असतील तर वेळही तीच. पुढच्या रनला जुना बाइटकोड चालतो आणि ४ परत येतं, फाइलमध्ये ५ डोळ्यांना दिसत असताना. नऊवरून दहावर गेलं की आकार बदलतो आणि एकदम बरोबर चालतं, म्हणून हा दोष पकडायला फार वेळ जातो. तात्पुरता इलाज म्हणजे पायकॅशे पुसणं. खरा इलाज म्हणजे आकडा कोडमधून बाहेर काढणं.

बॅश हा शेल स्क्रिप्ट थोडी थोडी वाचत चालवतो. चालू स्क्रिप्टच्या फाइलमध्येच लिहिलं तर पुढचं वाचन भलत्या ठिकाणाहून सुरू होतं आणि अर्धवट शब्द आज्ञा म्हणून चालवले जातात. सगळी स्क्रिप्ट एका फंक्शनमध्ये घालून शेवटच्या ओळीत ते फंक्शन आणि एक्झिट लिहा, म्हणजे चालण्याआधी ते पूर्ण वाचलेलं असेल.

स्वतःला अपडेट करणारा प्रोग्रॅम मात्र योग्य कारणासाठीच स्वतःला बदलतो. लिनक्सवर चालू एक्झिक्युटेबलवर थेट लिहू दिलं जात नाही, ‘टेक्स्ट फाइल बिझी’ येतं. शेजारी नवी फाइल उतरवून रिनेम करा. विंडोजवर चालू एक्सई पुसता येत नाही पण तिचं नाव बदलता येतं: जुनीला दुसरं नाव, नवीला मूळ नाव, पुढच्या रनला जुनी पुसायची. सही केलेल्या फाइलमध्ये डेटा कोंबू नका. सही तुटते, आणि ॲपल सिलिकॉनवर प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

वागणूक शिकत जायला हवी असेल तर नियम डेटा म्हणून साठवा, अटींच्या आणि कृतींच्या तक्त्यासारखे, आणि कोडने तो तक्ता वाचून वागावं. स्टेट फाइल ‘एव्हाल’ने किंवा ‘पिकल’ने वाचू नका, ज्याला ती फाइल बदलता येते त्याला तुमच्या हक्कांनिशी काहीही चालवता येतं.

मायक्रोकंट्रोलरवर

आर्डुइनो उनोच्या आर३ आवृत्तीत १०२४ बाइटचं ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी टिकणारी मेमरी, आहे आणि एका जागेची हमी १,००,००० लिखाणांची. दर सेकंदाला एकाच जागी लिहिलं तर ती हमी २८ तासांच्या आत संपते. ‘राइट’ऐवजी ‘अपडेट’ वापरा, म्हणजे किंमत बदलली असेल तरच लिहिलं जाईल, आणि नोंदी फिरत्या जागांवर ठेवा. कोऱ्या जागेतून २५५ येतं, शून्य नाही. पहिल्या रनला विचित्र आकडा दिसला तर आधी हे बघा. ईएसपी ८२६६ या चिपवर ‘कमिट’ केल्याशिवाय काहीच टिकत नाही.

दुरुस्ती टिकते का

प्रोग्रॅम लूपमध्ये सुरू करा, यादृच्छिक क्षणी किल -९ द्या, स्टेट फाइल वाचून तपासा, पुन्हा सुरू करा. हे किमान हजार वेळा. फाइल एकदाही वाचता येईनाशी झाली नाही आणि नोंदवलेला आकडा एकदाही मागे गेला नाही, तर लिखाणाचा क्रम बरोबर आहे. या चाचणीत एफसिंकची परीक्षा मात्र होत नाही, कारण प्रोसेस मेली तरी कर्नलकडे पोहोचलेला मजकूर शाबूत असतो. त्यासाठी व्हर्च्युअल मशीन घ्या आणि प्रोग्रॅम लिहीत असतानाच, शटडाउन न करता, त्याची वीज तोडा.